दारांच्या भिंतींचं पाळणाघर

थोरल्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. नानांच्या घरात वर्षांना आकडे नसत, प्रसंग असत. नाना निवृत्त झाले ते वर्ष कोणतं असं कुणी विचारलं, तर नानी सांगत, धाकटीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, ते. नानांची निवृत्ती ही त्यातली किरकोळ बाब.

तर जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी. दोघांनी आल्या आल्या कामाची वाटणी करून घेतली होती. तो झोपला की ती उठायची, ती झोपली की तो. त्यांचा बाप पुलांच्या कामावर होता आणि पूल काही केल्या घराजवळ बांधले जात नव्हते. नानींच्या मनगटात दुखणं बसलेलं. भरलेली किटलीसुद्धा उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. राहता राहिले नाना. त्यांनी एका दुपारी दोन्ही नातवंडांना एकाच वेळी कडेवर घेतलं. नेमकी तेव्हाच नाकावर माशी बसली. पुढचा अर्धा तास या घरातला कर्ता पुरुष नाक वाकडंतिकडं करत खोलीभर फिरत होता, आणि नानी दारात उभ्या राहून हसत होत्या.

सूनबाई एका इस्पितळात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. काम तिच्या आवडीचं, हात हुशार. पण रजा संपत आली होती, आणि तिच्या वरिष्ठांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं की, महिनाअखेर आलीस तर तुझी जागा तुझी, नाहीतर आम्हाला दुसरं माणूस घ्यावं लागेल. एका संध्याकाळी दुपट्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "नाना, मी नोकरी सोडते. माझ्याच्यानं हे निभणार नाही, आणि तुमच्याच्यानं तर मुळीच नाही."

यातल्या पहिल्या वाक्यानं नानांना दुःख झालं आणि दुसऱ्यानं अपमान. दुःख नाना सोसत. अपमान सोसायची सवय त्यांना नव्हती.

"नोकरी सोडायची नाही," ते म्हणाले. "आपल्या वसाहतीत पाळणाघर निघेल."

"कोण काढणार?" नानींनी विचारलं.

"मी."

नानींनी डोक्यावरून पदर सारखा केला आणि एवढंच म्हटलं की, सकाळपासून स्वतःचा चष्मा सापडत नाहीये, आधी तो काढा.

हा टोमणा जिव्हारी लागणारा होता, कारण नानांची उभी नोकरी शहर बससेवेच्या हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खात्यात गेली होती. बसमध्ये कुणी छत्री विसरो, कवळी विसरो, की एकदा एका गृहस्थानं विसरली तशी सासू विसरो, ती नानांच्या टेबलावर यायची. वस्तू आली की आधी तिला चिठ्ठी बांधायची. कुठली, कोणाची, केव्हाची. चिठ्ठी बांधल्याशिवाय नाना वस्तूला हात लावू देत नसत. या जगात बेवारस असं काही नसतं, फक्त माणसं विसरभोळी असतात, हे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. या तत्त्वज्ञानानं पुढं काय घोटाळा केला ते येईलच.

दुसऱ्या दिवशी नाना पालिकेच्या बालविभागात गेले. तिथं त्यांना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्यावरून जिन्याखालच्या खोलीत आणि तिथून पुन्हा पहिल्या टेबलावर पाठवण्यात आलं. दुसरा कुणी चिडला असता. नानांना कौतुक वाटलं. इतक्या सफाईनं माणूस टोलवणं त्यांना स्वतःला सगळ्या नोकरीत साधलं नव्हतं. त्यांनी पहिल्या टेबलावरच्या कारकुनाला तसं मोकळेपणानं सांगितलंही. तो इतका ओशाळला की त्यानं उठून त्यांना थेट बालविभागाच्या बाईंपुढं नेऊन बसवलं.

बाई लहानखुऱ्या होत्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. त्यांनी योजना समजावून दिली. जागा वसाहतीनं द्यायची, चारी बाजूंनी बंद करून द्यायची. मग शिक्षिका, तिचा पगार, सतरंज्या, खेळणी, सगळं पालिकेचं. मात्र एक अट होती. काम लोकसहभागातून झालं पाहिजे, आणि सहभाग म्हणजे प्रत्येक घराचा. एक घर जरी बाहेर राहिलं तरी योजना बाद. नानांनी विचारलं की, एवढी कडक अट कशाला. बाई म्हणाल्या, आजवर जिथं जिथं एकाच उत्साही गृहस्थानं सगळं केलं, तिथं तो गृहस्थ दमला की पाळणाघराला कुलूप लागलं. आता त्या कुलपांच्या किल्ल्यासुद्धा सापडत नाहीत.

हे ऐकलं आणि नानांच्या डोळ्यांपुढं कर्नल उभे राहिले.

कर्नल कधीही सैन्यात नव्हते. साबणाच्या कारखान्यात ते कोठीवर होते. पण मिशा आणि आवाज ही दोन आयुधं असल्यामुळं वसाहतीनं त्यांना बढती दिली होती. वसाहतीत घरं सोळा, आणि रिकामी जागा एकच, ती म्हणजे मागची सायकलींची शेड. लोखंडी खांब, वर पत्रा, बाजू चारी उघड्या. सायकली कधीच गेल्या होत्या. शेडच्या मधोमध कर्नलांची मोटार ताडपत्री पांघरून झोपलेली असायची. ती शेवटची कधी चालली होती, याबद्दल वसाहतीत दोन मतं होती, आणि दुसरं मत असं होतं की ती कधी चाललीच नाही.

नानांनी सभा घेतली. सभेत सल्ल्यांना तोटा नव्हता. निवृत्त भूगोलाच्या बाई म्हणाल्या की, मुलांच्या खोलीला उत्तरेची खिडकी हवी, उजेड सारखा राहतो. ज्या शेडला अजून भिंतच नव्हती, तिच्या खिडकीवर पाऊण तास चर्चा झाली. विमेवाले म्हणाले की, आधी विमा, मग वीट. कुणी सुचवलं की, मुलांची जात पडणारी, जमीन रबराची करावी. कुणी म्हणालं की, मुलं पडल्याशिवाय शिकत नाहीत, जमीन दगडाची करावी. नाना सगळं ऐकून घेत होते. शेवटी कर्नल उठले आणि म्हणाले की, मोटार हलणार नाही. कारण विचारल्यावर कारण सांगणार नाही, असंही म्हणाले.

नाना चार वेळा त्यांच्या घरी गेले. चहा मिळाला, मोटार मिळाली नाही. पाचव्या वेळी त्यांनी परस्पर शेडमध्ये जाऊन ताडपत्री उचलली. मोटारीच्या मागच्या आसनावर मांजर व्यालेलं होतं. पिलांनी अजून डोळे उघडले नव्हते. शेजारी दुधाची बशी, आणि खाली कर्नलांच्या लोकरी कोटाची घडी, ज्या कोटाला वसाहतीत कुणी नुसता हात लावलेला त्यांना खपत नसे. मागं पावलं वाजली. कर्नल उभे होते, चेहरा मिशांसकट पडलेला.

"कुणाला बोलू नका, नाना," ते म्हणाले. "पिलांना डोळे उघडू द्या. मग मोटार तुमची."

नाना कुणाला बोलले नाहीत. फक्त नानींना बोलले, त्यामुळं संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीतून मांजरीला दूध जाऊ लागलं, आणि कर्नलांच्या रुबाबाला जो तडा गेला तो काही पुन्हा बुजला नाही. पिलांचे डोळे उघडले, मोटार सगळ्यांनी मिळून ढकलत बाहेर काढली, आणि शेड मोकळी झाली.

आता भिंती. नानांनी वीट, वाळू यांची चौकशी केली आणि हातपाय गाळून परत आले. त्याच आठवड्यात वसाहतीतली वाळवी लागलेली जुनी दारं काढून लोखंडी बसवायचं काम सुरू झालं होतं. जिन्यात, अंगणात, जिथं तिथं चौकटीसकट दारं भिंतीला टेकून उभी होती. नानी जुळ्यांतल्या एकाला मांडीवर थोपटत खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी दारं रिकामी उभी आहेत. शेडभोवती उभी केली तर भिंती नाही का होणार?"

नाना दचकले. घरटी एक दार. सोळा घरं, सोळा दारं. सहभाग म्हणतात तो आणखी कसा असतो? वाळवीनं खाल्लेला भाग सुतारानं तासून टाकायचा, वर जाळी मारायची, फटी फळकुटांनी बुजवायच्या. ते तसेच चप्पल उलटी घालून बालविभागात पळाले. पहिल्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं की, भिंती कशाच्या. नाना म्हणाले, दारांच्या. मग दारं कशाची? तीही दारांचीच. कारकुनानं पेन खाली ठेवलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि पेन पुन्हा उचलून तसंच लिहून घेतलं.

सुतार आला. कमी बोलणारा, कान थोडे जड. कामाला मात्र वसाहत लोटली. भूगोलाच्या बाईंनी खांबांचा गंज घासला. विमेवाल्यांनी जाळी धरली आणि विमा न काढता शिडीवर चढले. सूनबाई जुळ्यांना झोपवून येई आणि रंगाचा हात देई. सोळा घरांतली माणसं, ज्यांचं एरवी पाण्याच्या वेळेवरून पटत नसे, ती एका ओळीत उभी राहून दारं वाहत होती. हे चित्र नानांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. एवढं सगळं हातांतून हातांत चाललेलं पाहून ते थोडे हळवे झाले, आणि हळवे झाल्यावर माणूस सवयीकडं वळतो, तसे ते वळले. त्यांनी पांढरा रंग घेतला आणि प्रत्येक दारावर, ते ज्या घरचं होतं त्या घराचा क्रमांक ठळक काढला. कुठलं, कोणाचं. बेवारस काही ठेवायचं नाही.

ते क्रमांक सोडले तर सगळी दारं सारखीच हिरवी होती. कोणतं कोणाचं, हे ती वापरणाऱ्यांनासुद्धा ओळखता आलं नसतं.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात चाचणी घेतली. पालिकेनं चाचणीसाठी पाठवलेल्या नव्या शिक्षिकेनं वसाहतीतली झाडून सगळी पोरं आत घेतली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्टीतला राजा शिकारीला निघायच्या आधीच अर्धी पोरं निघाली. सोळा दारांपैकी ज्याला जे जवळ ते त्यानं उघडलं. शिक्षिका एकाला इकडून आत आणी, तोवर दोघं तिकडून बाहेर. कर्नलांच्या दाराला घंटा तशीच राहिली होती. एक मुलगी बाहेर जाऊन घंटा वाजवी, आत येई, पुन्हा बाहेर जाई. मुलांना इतका आनंद कुठल्याच खेळण्यानं झाला नव्हता. शिक्षिका शेवटी पायरीवर बसली आणि म्हणाली की, मी मुलं सांभाळीन, वारा सांभाळायला सांगू नका.

म्हणजे दोन दारं उघडी ठेवायची आणि बाकीच्यांना खिळे मारायचे. सरळ गोष्ट होती. पण दारांवर क्रमांक होते.

"आमच्या दाराला खिळे?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांची लेक त्याच दारातून सासरी गेली होती, आणि त्याच दारातून परत येऊन नव्यानं उभी राहिली होती. ते दार आता कायमचं ठोकायचं? विमेवाल्यांचे वडील त्या दारात बसून रोज वर्तमानपत्र वाचत. कर्नल म्हणाले की, मोटार दिली, कोट दिला, आता दारालाही खिळे? बोलता बोलता कुणीतरी मागून म्हणालं, नानांना काय, त्यांचं दार उघडंच राहणार, सगळं त्यांच्या हातात आहे.

हे बोलणं नानांना जास्तच लागलं, कारण ते खरं होतं. आपलं दार मुख्य ठेवायचं, हे त्यांनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. सभा फिसकटली. लोक एकमेकांकडं न बघता घरी गेले. घरी सूनबाई पोरीला दूध पाजत बसली होती.  पोरीला खांद्यावर घेत ती म्हणाली, "नाना, तुम्ही खूप केलंत. मी उद्या फोन करून सांगून टाकते, येत नाही म्हणून."

"परवा तपासणी आहे," नाना म्हणाले. "परवापर्यंत फोन करायचा नाही."

ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ नानांना कळला आणि ते जेवले नाहीत.

तपासणीच्या दिवशी सकाळी सुतार शेडच्या आत उरलंसुरलं काम करत होता. नाना बाहेरून गेले आणि जाळीतून त्याला ओरडून म्हणाले, "आमच्या दाराला खिळे मारून टाका. आतून मारा, बाहेरून दिसायला नकोत." सुतारानं मान हलवली. नाना हलक्या पायांनी बालविभागाच्या बाईंना आणायला गेले. वाटेत त्यांना स्वतःचा एवढा अभिमान वाटत होता, की बस चुकली.

बाईंना घेऊन आले तेव्हा सोळा घरांतली माणसं शेडपुढं जमलेली, प्रत्येकजण काही न केल्यासारखा चेहरा करून उभा. नानांनी पहिल्या दाराला हात घातला. हललं नाही. दुसरं हललं नाही. हसत हसत तिसरं, न हसता चौथं. नानांनी शेडला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि घामाघूम होऊन मूळ जागी आले. बाईंनी पेन्सिल अंबाड्यातून काढली, काय लिहावं ते न सुचून परत खोचली, आणि कर्नलांच्या दाराची घंटा वाजवली.

"कोण आहे?" आतून सुतार म्हणाला.

बाई दारातल्या भिंगाशी वाकल्या. पलीकडून एक डोळा त्यांच्याकडं पाहत होता.

हळूहळू उलगडा झाला. भूगोलाच्या बाई सकाळी लवकर येऊन सांगून गेल्या होत्या की, आमचं दार ठोका, दुसऱ्या कुणाचं ठोकू नका. मग विमेवाले. मग कर्नल, तेही आडवाटेनं, कुणी पाहू नये म्हणून. मग एकेक करून सगळे. प्रत्येकजण एकटाच आला, प्रत्येकानं आपलंच दार दिलं, आणि मोठेपणा मिरवल्यासारखं व्हायला नको म्हणून कुणी शेजाऱ्याला सांगितलं नाही.

"अहो, पण सगळी कशी ठोकलीत?" नाना जाळीतून ओरडले. "तुम्ही बाहेर कसे येणार, हा विचार केला नाहीत?"

"ज्यानं त्यानं येऊन सांगितलं, आमचं मारा," सुतार शांतपणे म्हणाला. "मी मारलं. अमकं उघडं ठेवा असं सांगायला कुणी आलंच नाही. आता येईल, मग येईल, म्हणून बसलोय."

 कर्नल मिशा चोळत आकाशाकडं बघू लागले. भूगोलाच्या बाईंनी विमेवाल्यांकडं पाहिलं, विमेवाल्यांनी चपलांकडं. मग बालविभागाच्या बाईंना हसू फुटलं, आणि त्या खालच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्या पाठोपाठ सगळी वसाहत हसली. आतून सुतारही हसला. त्याला नक्की काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं, पण माणूस भला होता.

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "वीस वर्षं मी सहभाग नाही म्हणून योजना बाद करत आले. इथं सहभागानंच आत जाता येत नाहीये. सुतारदादा, कोणतं दार पटकन उघडेल?"

सुतार म्हणाला की, शेवटचं ठोकलेलं, त्याचे खिळे अजून अर्धेच आत आहेत. ते नानांचं होतं. सगळ्यात उशिरा नाना सांगायला आले होते.

नानांना कानकोंडं झालं. लोक आता म्हणणार, ठरवून केलं. त्यांनी जोरात हरकत घेतली: माझं नको, दुसरं कुठलंही उघडा, पाहिजे तर छप्पर काढा. कर्नलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाना, गप्प बसा," ते म्हणाले. "आत माणूस आहे."

दार उघडलं. सुतार बाहेर आला आणि आधी चहा मागितला. दुसरं दार कोणतं उघडायचं, यावर एकमत होईना. प्रत्येकजण आपलं सोडून बाकी सगळ्यांची नावं सुचवत होता. बाईंनी वेळ बघून समोरचं दाखवलं, ते भूगोलाच्या बाईंचं निघालं. त्यांनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. दुपारी नानांनी हिरवा रंग आणून सोळाही क्रमांक स्वतःच्या हातानं बुजवले. एकदा वाळल्यावर पुन्हा दुसरा हात दिला.

महिनाअखेर सूनबाईनं जुळ्यांना पाळणाघरात ठेवलं आणि मागं न बघता कामावर गेली. मागं न बघता म्हणजे, कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर थांबून तिनं एकदा पाहिलं. नाना त्या दुपारी निवांत झोपायला घरी आले, अर्धा तास कूस बदलत पडले, आणि उठून पाळणाघराच्या पायरीवर जाऊन बसले. पुढं तीच त्यांची जागा झाली. शेजारच्या गल्ल्यांतूनही पोरं येऊ लागली. कुणाचं मूल कोण सांभाळतं, कुणाच्या डब्यातलं कोण खातं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि नानांनीही कधी विचारला नाही. पाळणाघराला कुलूप म्हणून लागलं नाही.

नाना गेले त्या सकाळी कर्नल म्हणाले की, आज पाळणाघर बंद ठेवावं, एवढा मान तरी द्यायला हवा. नानी तयार होईनात.

"आयांना कामावर जायचंय," त्या म्हणाल्या. "पोरं कुठं ठेवतील त्या?"

पाळणाघर नेहमीच्या वेळी उघडलं. नाना वारले ते सूनबाई प्रयोगशाळेची मुख्य झाली त्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका सोमवारी, उजाडता उजाडता, झोपेत.